सांगलीत ११ तारीख, रॉटरडॅममध्ये १०: द्राक्षाच्या एका फवारणी नोंदीचं प्रकरण

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत ११ फेब्रुवारी २०२५ ला फवारणी झाली. बागायतदारानं संध्याकाळी घरी येऊन मोबाईल ॲपवर नोंद केली, कॅलेंडरमधून ११ तारीख निवडली, औषध निवडलं, सेव्ह केलं. पॅकहाऊसच्या ऑफिसात स्क्रीनवर ती नोंद उघडली तर ११ फेब्रुवारी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या आयातदारानं त्याच लिंकवर उघडली तर १० फेब्रुवारी. आणि पॅकहाऊसनं सांगलीत बसूनच काढलेल्या, मेलवर पाठवलेल्या पीडीएफमध्येसुद्धा १० फेब्रुवारी. नोंद एकच, डेटाबेसमध्ये ओळ एकच, आणि तारखा दोन.

आयातदाराकडच्या माणसानं हे पकडलं कारण त्याच्याकडं बागायतदाराच्या हातानं लिहिलेल्या फवारणी डायरीच्या पानाचा फोटो होता. डायरीत ११, पीडीएफमध्ये १०. त्यानं फक्त विचारलं की यातलं खरं कुठलं, आणि खुलासा येईपर्यंत त्या लॉटचे कागद बाजूला ठेवले. पॅकहाऊसवाल्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगलीत स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून बघितलं आणि सांगितलं, "साहेब, आमच्याकडं तर बरोबर दिसतंय." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडं खरंच बरोबर दिसत होतं, आणि म्हणूनच हे प्रकरण इतके दिवस कुणाच्या डोळ्यात आलं नाही. मला नंतर तपासासाठी बोलावलं, आणि जे सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात द्राक्ष, बेदाणा, हळद, डाळिंब सगळ्यांची सॉफ्टवेअरं आता बाहेरदेशी वापरली जातायत आणि तारखेचा हा विषय अजून "शेवटी फॉरमॅट करून टाकू" एवढ्यावरच सोडला जातो.

आधी एका दिवसानं काय बिघडतं ते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाला औषधांच्या अवशेषांचा नियम कडक आहे, अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेटवर प्लॉटची नोंद, लॅबचा रेसिड्यू म्हणजे अवशेषांचा रिपोर्ट हे सगळं असतंच, पण त्याच्या आधी पॅकहाऊस स्वतःपुरता हिशेब ठेवतं की शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस गेले. ह्याला सगळे पीएचआय म्हणतात. प्रत्येक औषधाचे दिवस ठरलेले असतात. समजा एखाद्याचे ३० आहेत, तर २९ व्या दिवशी काढणी करायची नाही, विषय संपला.

ह्या लॉटची काढणी १२ मार्चला झाली होती. ११ फेब्रुवारी ते ११ मार्च २८ दिवस, कारण २०२५ चा फेब्रुवारी २८ चा, म्हणजे १२ मार्चला २९ दिवस झाले. सिस्टीम दाखवत होती ३० आणि शेजारी हिरवी टिक. पॅकहाऊसमधल्या एक ताई आहेत, ग्रेडिंगचं रेकॉर्ड त्याच बघतात, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक चौकोन मोजला आणि म्हणाल्या, "अहो माझे एकोणतीसच येतात, हे तीस कुठनं आले?" त्यांनी हे आधी एकदा बोलून दाखवलं होतं, पण कॉम्प्युटर म्हणतोय तीस तर तीस असं म्हणून ते तिथंच राहिलं. त्यांचं बरोबर होतं. लॅबचा रिपोर्ट स्वच्छ आला होता हे नशीब, पण चूक ज्या बाजूला झुकली होती ती बाजू वाईट होती. एक दिवस कमी दाखवला असता तर काढणी एक दिवस थांबली असती, तेवढंच. इथं एक दिवस जास्त दाखवून सिस्टीम माल पुढं सोडत होती.

आता ते १० कुठनं आलं. ॲपमधला कॅलेंडर पिकर जावास्क्रिप्टचा. त्यात ११ तारीख निवडली की तो "११ फेब्रुवारी, फोनच्या टाइम झोनमधली मध्यरात्र, ००:००" असा डेट ऑब्जेक्ट देतो. जावास्क्रिप्टच्या डेटला नुसती तारीख कळतच नाही, त्याला कायम एक क्षण लागतो. मग हा ऑब्जेक्ट सर्व्हरला पाठवताना टूआयएसओस्ट्रिंग हे फंक्शन वापरलेलं, आणि ते फंक्शन सगळं यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत, नेतं. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, म्हणून ११ तारखेची आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत १० फेब्रुवारी, संध्याकाळचे १८:३०. डेटाबेस पोस्टग्रेस, कॉलम टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन ह्या प्रकारचा. ह्या नावानं बऱ्याच जणांची समजूत होते की त्यात टाइम झोन पण साठवला जातो, तसं काही होत नाही, येईल ते यूटीसीत बदलून फक्त क्षण ठेवला जातो, आणि वाचताना वाचणाऱ्याच्या झोनमध्ये परत दाखवला जातो.

तर डेटाबेसमध्ये बसलं १० फेब्रुवारी १८:३० यूटीसी. सांगलीतला ब्राउझर त्यात साडेपाच तास मिळवतो, ११ फेब्रुवारी ००:०० होतं, वेळ दाखवायची नाही असं फॉरमॅट असल्यामुळं स्क्रीनवर "११ फेब्रुवारी" येतं. नेदरलँड्सचा ब्राउझर हिवाळ्यात एक तास मिळवतो, १० फेब्रुवारी १९:३०, वेळ कापली की "१० फेब्रुवारी". पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम क्लाउडवरच्या सर्व्हरवर चालतो, सर्व्हरचं घड्याळ यूटीसी, म्हणून तिथंही १०. पीएचआय मोजणारा कोड पण सर्व्हरवरच, म्हणून तो १० फेब्रुवारीपासून मोजतो. सांगलीतल्या कुणाच्याही ब्राउझरवर हे दिसणारच नव्हतं.

आणि मग सगळ्याच नोंदी का चुकल्या नाहीत? कारण काढणीच्या तारखा (आणि काही फवारण्यांच्याही) ऑफिसातून एक्सेल शीट अपलोड करून यायच्या. तिथं तारीख "२०२५-०३-१२" अशी मजकूर म्हणून यायची आणि जावास्क्रिप्टचा नियम असा की नुसती तारीख ह्या आयएसओ रूपात दिली तर ती यूटीसीतली मध्यरात्र धरायची. पण त्याच तारखेपुढं वेळ लिहिली आणि झोन लिहिला नाही तर ती स्थानिक वेळ धरायची. हा नियम डोक्यात ठेवणं अवघड आहे, मी आजही प्रत्येक वेळी खात्री करतो. तर काढणीच्या तारखा १२ मार्च ००:०० यूटीसी अशा बसल्या, आणि त्या सांगलीत पहाटे ५:३०, नेदरलँड्समध्ये रात्री १:००, सर्व्हरवर ००:००, सगळीकडं १२ तारीखच. म्हणजे एकाच वजाबाकीत एक आकडा मागं सरकलेला आणि दुसरा जागेवर, आणि त्यातून तो जादाचा एक दिवस आला.

ज्यांना भारतात बसून असले प्रॉब्लेम शोधायचे असतात त्यांनी दोन आकडे पाठ करून ठेवावेत, १८:३० आणि ५:३०. तारखेच्या कॉलममध्ये १८:३० दिसले की कुणीतरी भारतीय मध्यरात्र यूटीसीत नेलीय, आणि स्क्रीनवर नुसत्या तारखेशेजारी पहाटेचे ५:३० उगवले की कुणीतरी यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडं आणलीय. आम्ही पहिली क्वेरी तीच केली, फवारणीच्या कॉलममधली तारीख सोडून फक्त वेळेचा भाग काढला आणि वेगवेगळ्या किती वेळा आहेत ते बघितलं. सगळ्यात जास्त १८:३०, ॲपवरून आलेल्या. त्याखालोखाल ००:००, एक्सेलवरून आलेल्या. आणि थोड्या २०:००, त्या बघून सगळे गोंधळले, कारण २०:०० कुठनं येणार? उत्तर निघालं की एका बागायतदाराचा मुलगा दुबईत असतो आणि वडिलांच्या नोंदी तोच तिथनं फोनवर भरतो. दुबई यूटीसीच्या चार तास पुढं, तिथली मध्यरात्र म्हणजे आदल्या दिवशीचे २०:००. हे कळल्यावर सगळ्यांना एकदम पटलं की फवारणीची तारीख ही बागेची असते, भरणाऱ्याच्या फोनची नसते.

माझ्या दृष्टीनं सगळं प्रकरण ह्या एका गोष्टीवर उभं आहे. फवारणीची तारीख, काढणीची तारीख, छाटणीची तारीख, जन्मतारीख हे नुसते दिवस आहेत. त्यांना वेळ नाही आणि झोन पण नाही, त्या जगात कुठंही उघडल्या तरी तशाच वाचल्या पाहिजेत. ह्याच्या उलट रीफर म्हणजे थंड कंटेनरमधला टेम्परेचर लॉगर जे नोंदवतो तो खरा क्षण आहे, अमुक सेकंदाला एवढं तापमान, तो यूटीसीतच ठेवायचा आणि बघणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणं दाखवायचा. ह्या प्लॅटफॉर्मवर दोन्हींना एकाच प्रकारचा कॉलम होता कारण सुरुवातीला कुणीतरी नियम ठरवला होता की "सगळ्या वेळा यूटीसीत ठेवायच्या". नियम ऐकायला चांगला आहे, पुस्तकी पण आहे, पण तो क्षणांसाठी आहे. दिवसाला तो लावला की दिवस सरकतो.

द्राक्षवाल्यांना हे समजवायला लागत नाही. बागेत सगळं छाटणीपासून मोजतात, ऑक्टोबर छाटणी झाली की आज कितवा दिवस हे विचारलं तर झोपेतून उठून सांगतील, आणि त्या दिवसावर डिपिंग कधी, थिनिंग कधी, कुठलं औषध कधी हे ठरतं. त्यात तास नसतातच. ॲपमध्ये पण "छाटणीनंतर दिवस" असा रकाना होता, आणि तो काही जणांना एकानं पुढं दिसायचा. एक बागायतदार अण्णा म्हणाले की आम्हाला माहीत होतं ॲप एक दिवस पुढं पळतंय, आम्ही मनात एक वजा करत होतो. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. वापरणाऱ्यांना चूक माहीत होती आणि ती सांगायची जागाच नव्हती.

दुरुस्तीला बसल्यावर पहिला प्रस्ताव साहजिकच आला की सगळ्या जुन्या ओळींमध्ये साडेपाच तास मिळवा आणि फक्त तारीख काढून घ्या. फवारणीच्या कॉलमवर हे चालून गेलं असतं. १८:३० चे दुसऱ्या दिवशीचे ००:०० होतात, ००:०० चे ५:३० होतात, दुबईच्या २०:०० चे रात्रीचे १:३०, तिन्ही ठिकाणी तारीख बरोबर पडते. पण हीच स्क्रिप्ट शेतकरी नोंदणीच्या जन्मतारखेवर चालवून बघितली तर बहुतेक सगळ्या बरोबर आल्या आणि काही म्हाताऱ्या लोकांच्या एक दिवसानं चुकल्या. त्यातली एक १ जून १९४४. आपल्याकडं त्या पिढीत शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट १ जून टाकलेली असते त्यामुळं १ जूनवाले भरपूर, आणि १९४३, १९४४, १९४५ चे सगळे १ जूनवाले ३१ मे झाले होते.

कारण असं की दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ एक तास पुढं केलेलं होतं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतीय वेळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढं धरली जाते. आणि टाइम झोनचा जो आयएएनए डेटाबेस जगभरातले फोन आणि सर्व्हर वापरतात त्यात एशिया/कोलकाता ह्या नावाखाली हा इतिहास नोंदलेला आहे. फोननं तो इमानदारीत पाळला. १ जून १९४४ ची मध्यरात्र त्यानं साडेसहा तास मागं नेली, ३१ मे १७:३० यूटीसी झाली. आपण साडेपाचच मिळवले की ३१ मे रात्रीचे २३:०० होतात. तारीख गेली. म्हणून साडेपाच तास हा आकडा कोडमध्ये कुठंही हातानं लिहायचा नाही, एशिया/कोलकाता हे नाव द्यायचं आणि हिशेब त्या डेटाबेसला करू द्यायचा. नाव देऊन चालवल्यावर सगळे १ जूनवाले जागेवर आले. ८० पार केलेल्या माणसाचा आधार आणि आपली नोंदणी जुळत नाही म्हणून त्याला ऑफिसात हेलपाटे घालायला लावणं ह्याच्यासारखं वाईट काम नाही, आणि ते नुसतं एक आकडा हातानं लिहिल्यामुळं झालं असतं.

जुना कॉलम पुसला नाही. शेजारी नुसत्या डेट प्रकारचा नवीन कॉलम केला, त्यात बदललेल्या तारखा भरल्या, आणि जुन्याची वेळ भारतीय झोनमध्ये बघून ज्या ००:०० किंवा ५:३० सोडून दुसऱ्या काही निघाल्या त्या सगळ्या हातानं डायरीशी ताडून घेतल्या. हे गरजेचं होतं, कारण दुबईची नोंद बरोबर पडली तरी कुणी सिंगापूरहून भरली असती तर पडली नसती, भारताच्या पूर्वेला गेलं की तिथली मध्यरात्र आपल्या आदल्या रात्रीत येते. डायऱ्या तपासायचं काम त्याच ताईंनी आणि बागायतदारांनी मिळून केलं, आणि कागदाची वही नसती तर हे प्रकरण कधीच सुटलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

हे चालू असतानाच गुढीपाडवा आला, ३० मार्च, रविवार. त्याच दिवशी पहाटे युरोपची घड्याळं एक तास पुढं गेली. तिकडं मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, यूटीसीचा रात्रीचा एक वाजला की सगळ्या युरोपियन युनियनमध्ये एकदम बदल होतो. आपला द्राक्षाचा सीझन जानेवारी ते एप्रिल, म्हणजे हा बदल बरोब्बर सीझनच्या मधे येतो, दरवर्षी येतो. आयातदाराची कट-ऑफ तिथल्या वेळेनं संध्याकाळी १७:०० ची, त्याच्या आत त्या दिवशीच्या पॅकिंगचे आकडे अपलोड व्हायला पाहिजेत. हिवाळ्यात आपल्याकडं ते रात्रीचे ९:३०. उन्हाळी वेळ लागली की ८:३०. प्लॅटफॉर्ममध्ये नेदरलँड्स म्हणजे यूटीसी अधिक १ असं पक्कं लिहिलेलं, त्यामुळं सोमवारी ३१ मार्चला स्क्रीन अजून ९:३० च दाखवत होती. ऑपरेटर पोरानं नऊ वाजता, म्हणजे त्याच्या हिशेबानं अर्धा तास हाताशी ठेवून अपलोड केलं आणि तिकडनं "उशिरा आलं" असा मेल. त्याची काहीच चूक नव्हती.

इथं दिवस पण नाही आणि क्षण पण नाही असा तिसरा प्रकार येतो. कट-ऑफ ही ठरलेली वेळ आहे, "ॲमस्टरडॅमच्या भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे पाच", आणि ती पुढच्या महिन्याची यूटीसीत आधीच बदलून ठेवली तर चुकण्याची शक्यता राहते. म्हणून १७:०० आणि युरोप/ॲमस्टरडॅम हे दोन्ही जसंच्या तसं ठेवायचं आणि यूटीसी तो दिवस आला की काढायचा. युरोपियन संसदेनं २०१९ मध्ये हे घड्याळ पुढंमागं करणं बंद करण्याच्या बाजूनं मत दिलंय, अजून ते अंमलात आलेलं नाही, पण उद्या आलं तर ज्यांनी यूटीसीचे आकडे आधीच कोरून ठेवलेत त्यांचे सगळे हिशेब एकदम हलतील. झोनचं नाव ठेवलेल्यांना सर्व्हरवरचा झोन डेटाबेस अपडेट केला की झालं, तो अपडेट करत राहणं मात्र कुणाचं तरी ठरलेलं काम पाहिजे.

आता फॉरमॅटकडं येतो, लोक सुरुवात इथनं करतात पण खरं हे शेवटी येतं.

पीडीएफवर तारीख ११/०२/२०२५ अशी असायची. नेदरलँड्समध्ये पण दिवस आधी लिहितात त्यामुळं तिथं अडचण आली नाही, पण ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरचं रीजन युनायटेड स्टेट्स होतं, नवीन विंडोज टाकताना तसंच राहिलेलं. त्यावर कुणी काढणीची तारीख ०५/०३/२०२५ टाइप केली की एक्सेल ती ३ मे समजतं. आणि १३/०३/२०२५ टाइप केली की तेरावा महिना नसतो म्हणून तो नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. ओळखायची खूण सोपी आहे, कॉलममध्ये काही तारखा उजवीकडं चिकटलेल्या आणि काही डावीकडं दिसल्या की समजायचं, उजवीकडच्या एक्सेलनं तारीख म्हणून घेतल्या, डावीकडच्या नाही, आणि उजवीकडच्यावरच जास्त संशय घ्यायचा. आतून एक्सेलची तारीख म्हणजे एक नुसता आकडा असतो, ११ फेब्रुवारी २०२५ म्हणजे ४५६९९, त्यात झोन नसतो, म्हणून एक्सेल दिवस सरकवत नाही, महिना मात्र फिरवतं. आता अपलोडच्या शीटमध्ये दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे कॉलम केलेत. दिसायला गबाळं आहे, पण ऑपरेटर लोकांना आवडलं आणि चुका थांबल्या.

मराठी भाषा चालू केल्यावर आणखी एक झालं. ब्राउझरमध्ये मराठी लोकेल (भाषा आणि देशाप्रमाणं तारीख-आकडे दाखवायची सेटिंग) दिलं की तारखेचे आकडे आपोआप देवनागरीत येतात, हिंदीला तसं होत नाही, मराठीला होतं. स्क्रीनवर ते छान दिसतं आणि वयस्कर बागायतदारांना तेच पाहिजे. पण आयातदाराच्या सिस्टीमला जाणारी सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) बनवणारा कोड पण तेच फंक्शन वापरत होता, त्यामुळं ज्या ऑपरेटरनं मराठी निवडली त्याच्या फाइलमध्ये तारखा देवनागरी आकड्यात गेल्या आणि आयातदाराच्या सिस्टीमनं फाइल परत पाठवली. मराठी ठेवून आकडे इंग्रजी मागायची सोय लोकेलमध्ये आहे, पण इथं ते उत्तर नव्हतं. माणसानं वाचायची तारीख लोकेलमधून जाईल, मशीननं वाचायची कधीच जाणार नाही, ती कायम आयएसओ ८६०१ च्या रूपात, वर्ष-महिना-दिवस. आणि माणसाच्या कागदावर महिना अक्षरात, "११ फेब्रुवारी २०२५", म्हणजे उलटसुलट वाचायचा प्रश्नच राहत नाही.

पीडीएफच्या कोडमध्ये जावाचा एक फॉरमॅट सापडला ज्यात वर्षासाठी कॅपिटल वाय वापरलेला. छोटा वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, कॅपिटल म्हणजे आठवड्यांच्या हिशेबाचं वर्ष, आणि दोन्ही वर्षभर सारखेच दिसतात फक्त वर्ष बदलतानाचे काही दिवस सोडून. ३० डिसेंबर २०२४ ची फवारणी त्यात ३० डिसेंबर २०२५ छापून येते. डिसेंबरअखेर बागा ऐन फवारणीत असतात. लगेच बदलला.

वेळ दाखवण्यात एक गोष्ट आपल्या बोलण्यामुळं अडते. गाडीवाल्याला फोनवर सांगतात "शुक्रवारी रात्री दीडला गाडी लाव", आणि घड्याळाच्या हिशेबानं तो शनिवार असतो. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, बोलण्यात पण तसंच, पहाट झाल्याशिवाय दुसरा दिवस नाही. सिस्टीमनं "शनिवार १५ मार्च, १:३०" दाखवलं की ड्रायव्हर शनिवारी रात्री यायचा धोका असतो आणि न्हावा शेवा बंदराची पुढची सगळी वेळ बोंबलते. आता रात्री बारा ते पहाटे पाचच्या मधल्या सगळ्या वेळांना "शुक्रवारची रात्र उलटून, शनि. १५ मार्च, रात्री १:३०" असं लिहिलेलं येतं. लांब आहे, मोबाईलवर दोन ओळी जातात, तरी ठेवलंय. तसंच भारतीय वेळेला नुसतं आयएसटी लिहिणं पण बंद केलं, ते आयर्लंडचं पण असतं आणि इस्रायलचं पण, त्यापेक्षा "ॲमस्टरडॅम १७:००, भारत २०:३०" असं दोन्ही शेजारी शेजारी.

त्या अडकलेल्या लॉटसाठी पॅकहाऊसनं आयातदाराला खरी तारीख ११ आणि खरे दिवस २९ असं लिहून, डायरीचं पान आणि लॅबचा रिपोर्ट जोडून पाठवलं. टीममध्ये चर्चा झाली की सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता एवढंच सांगू, दिवसांचं कशाला काढायचं. पॅकहाऊसच्या मालकांनी ते ऐकलं नाही आणि मला त्यांचं फार पटलं. त्यांनी त्या सीझनच्या ॲपवरनं आलेल्या सगळ्या नोंदींचे पीएचआय नव्यानं काढायला लावले आणि जिथं दिवस कमी भरले ते लॉट स्वतःहून कळवले.

सॉफ्टवेअरच्या टेस्ट आता तीन झोनमध्ये चालतात, कोलकाता, ॲमस्टरडॅम आणि लॉस एंजेलिस. लॉस एंजेलिसला एकही पेटी जात नाही, पण यूटीसीच्या मागं असलेला एक तरी झोन टेस्टमध्ये पाहिजे, कारण यूटीसीची मध्यरात्र तिथं आदल्या दिवशी पडते, आणि कोलकाता, ॲमस्टरडॅम दोन्ही पुढं असल्यामुळं ती चूक ह्या दोघांना दिसतच नाही. टेस्टच्या तारखांमध्ये ३० मार्च, २६ ऑक्टोबर, ३० डिसेंबर आणि १ जून १९४४ पक्क्या बसवल्यात.

ॲपच्या नवीन व्हर्जनमध्ये पिकर फक्त "२०२५-०२-११" एवढा मजकूर पाठवतो, वेळ नाही, झोन नाही. पण गावात बऱ्याच जणांच्या फोनवर जुनंच व्हर्जन आहे, कुणाच्या फोनमध्ये जागा नाही, कुणी अपडेट बंद करून ठेवलंय, त्यांच्याकडनं अजून १८:३० येतच असतात. सर्व्हर ते घेतो, कोलकाता झोनमधनं नेऊन तारीख काढतो, आणि ओळीवर "जुनं ॲप" अशी खूण करतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पॅकहाऊसची पोरं बागेवर जातील तेव्हा ह्या खुणेच्या यादीप्रमाणं एकेकाचा फोन हातात घेऊन अपडेट करायचं ठरलंय.